नैतिक लेबलं आणि आपली जबाबदारी : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये आम्ही काही मित्रमैत्रिणी लेबल-वाचनाच्या बैठका घेतो. लोक घरातली पाकिटं, डबे, कपड्यांचे टॅग घेऊन येतात आणि सगळे मिळून ते वाचतात. त्यानंतर व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न चिन्हांचे आहेत, पुढचे जबाबदारीचे. घाईत असाल तर ४, १० आणि १४ आधी वाचा.

१. नैतिक लेबल म्हणजे नेमकं काय? आयएसआय, अ‍ॅगमार्कही त्यातच येतात का?

नाही. वस्तू कशी आहे हे सांगणारी चिन्हं वेगळी आणि ती कशी बनली हे सांगणारी वेगळी. कुकरवरचा आयएसआय मार्क म्हणजे कुकर ठरलेल्या मानकात बसतो. तुपावरचा अ‍ॅगमार्क प्रत आणि शुद्धता सांगतो. हा मार्क १९३७ च्या कायद्यापासून चालत आला आहे आणि त्याची केंद्रीय प्रयोगशाळा आपल्याच उत्तर अंबाझरी रोडवर आहे. दोन्ही उपयोगाची चिन्हं आहेत, पण कुकर घडवणाऱ्याला किती तास राबावं लागलं किंवा तुपामागच्या म्हशीला कसं ठेवलं होतं, हे त्यांना विचारलेलंच नसतं. नैतिक लेबल या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना उत्तर देतं: मजुरी, बालमजुरी, जनावरांची वागणूक, माती आणि पाणी.

संत्र्याबद्दलही हेच. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यावरून फळ कुठलं ते कळतं. बागेत कोणती फवारणी झाली किंवा तोडणीच्या मजुराला काय मिळालं, ते कळत नाही.

२. हिरवा ठिपका असला की पाप नाही, असं आमच्याकडे मानतात. बरोबर आहे का?

हिरवा ठिपका एवढंच सांगतो की पदार्थात मांस, मासे, अंडी यांचा अंश नाही. दूध आणि मध चालतात, म्हणूनच व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळं हिरवं चिन्ह आणलं. मांसाहारी पदार्थांवर आता गोल ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण असतो. गोठ्यात काय चालतं, कारखान्यात कोण राबतं, यातलं काहीही हा ठिपका सांगत नाही. आहाराची निवड करायला तो पुरेसा आहे, पण त्याच्यावर त्याहून जास्त भार टाकू नका.

३. आपल्या बाजारात खरोखर कोणती लेबलं दिसतात?

इतवारीच्या ठोक बाजारात फारशी नाहीत, कारण तिथला बराचसा माल सुटा असतो. धरमपेठ, सदर, बर्डीच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन खरेदीत दिसतात. डाळ-तांदळाच्या पाकिटांवर जैविक मालाची चिन्हं: जैविक भारत, इंडिया ऑरगॅनिक किंवा पीजीएस-इंडिया. चहा, कॉफी, चॉकलेटवर फेअरट्रेड किंवा बेडकाचं चित्र असलेलं रेनफॉरेस्ट अलायन्सचं चिन्ह. लहान मुलांच्या कपड्यांवर जैविक कापडाचं जीओटीएस. वह्या आणि खोक्यांवर एफएससी, म्हणजे जंगल सांभाळून बनवलेल्या कागदाचं चिन्ह. कापडात खादी मार्क, हँडलूम मार्क, सिल्क मार्क. फ्रिज-एसीवर बीईई या सरकारी संस्थेचे वीजबचतीचे तारे.

एक चिन्ह मात्र शोधूनही क्वचित सापडतं: मातीच्या मडक्याचं चित्र असलेलं, पर्यावरणाला कमी हानी करणाऱ्या वस्तूंसाठीचं इकोमार्क. १९९१ मध्ये केंद्र सरकारने ते आणलं, पण कंपन्यांनी ते फारसं घेतलंच नाही. २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले आहेत. इतकं आपल्या मातीतलं चिन्ह घराघरांत ओळखीचं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

४. लेबल खरं आहे की कंपनीनेच छापलेलं, हे कसं ओळखायचं?

तीन गोष्टी शोधा: प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव, परवाना किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक आणि व्याप्ती, म्हणजे प्रमाणपत्र नेमकं कशाचं आहे. जीओटीएसच्या खऱ्या टॅगवर श्रेणी, प्रमाणन संस्था आणि क्रमांक छापलेला असतो, आणि तो क्रमांक त्यांच्या सार्वजनिक यादीत टाकून पाहता येतो. नुसतं हिरवं पान, पृथ्वी धरलेले दोन हात किंवा हसरी गाय असेल आणि क्रमांक नसेल, तर ती सजावट समजा.

बैठकीत एक गल्लत नेहमी होते. पाकिटावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक म्हणजे जैविक असल्याचा पुरावा, असं लोक धरून चालतात. तो खाद्य व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे. खाद्यपदार्थाच्या प्रत्येक पाकिटावर तो लागतोच.

व्याप्ती बघायला विसरू नका. "एफएससी" हे शब्द साबणाच्या वेष्टनावर असतील तर ते खोक्याच्या कागदाबद्दल बोलत आहेत, साबणातल्या पाम तेलाबद्दल नाही.

५. "नॅचरल", "इको-फ्रेंडली", "केमिकल-फ्री" या शब्दांना काही अर्थ असतो का?

मागे पुरावा असेल तर असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. "ग्रीन", "इको-फ्रेंडली" असे मोघम शब्द वापरायचे तर त्यांचं स्पष्टीकरण आणि पुरावा ग्राहकाला मिळाला पाहिजे, असं ती सांगतात. कंपनीला ईमेल करून विचारा. उत्तर आलं नाही तर प्रश्न २० पाहा.

६. जैविकची तीन-चार चिन्हं आहेत. त्यांत फरक काय?

मुख्य फरक तपासणी कोण करतं याचा आहे. इंडिया ऑरगॅनिक हे २००१ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रमाचं चिन्ह आहे. त्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था शेत आणि कागदपत्रं तपासते, आणि निर्यातीलाही तेच चालतं. पीजीएसमध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. खर्च कमी, म्हणून लहान शेतकऱ्याला ते परवडतं. त्यातही "पीजीएस-ग्रीन" म्हणजे शेत अजून बदलाच्या काळात आहे आणि "पीजीएस-ऑरगॅनिक" म्हणजे तो काळ पूर्ण झाला. जैविक भारत हे एफएसएसएआयचं, २०१७ च्या नियमांतून आलेलं चिन्ह आहे. ते या दोन्ही पद्धतींच्या मालावर लागतं.

बदलाचा हा काळ नीट समजून घ्या. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं लागतात, फळबागेला तीन. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराने आज रासायनिक फवारणी थांबवली तरी तीन वर्षं त्याचं फळ जैविक म्हणून विकता येत नाही. या काळात उत्पन्न घटू शकतं आणि चढा भावही मिळत नाही. मला विचाराल तर आपल्या खरेदीची सगळ्यात जास्त गरज याच शेतकऱ्याला आहे, आणि नेमक्या त्याच्याच मालावर मोठं चिन्ह नसतं.

७. रविवारच्या बाजारात शेतकरी "सेंद्रिय आहे" म्हणतो, पण कागद नाही. विश्वास ठेवायचा का?

कागद नाही म्हणजे खोटं, असं नाही. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना नियमांतच प्रमाणपत्रातून सूट आहे. फक्त जैविक भारतचं चिन्ह त्यांना वापरता येत नाही. मग आपल्याकडे विचारण्याचा मार्ग उरतो. तणासाठी काय करता? किडीला काय वापरता? बियाणं कुठलं? शेजारच्या शेतातली फवारणी उडून येते का? खरं शेत करणारा माणूस या प्रश्नांवर भरभरून बोलतो, आणि अडचणीही सांगतो. "आमच्याकडे कीडच येत नाही" असं उत्तर मिळालं तर सावध व्हा. जमलं तर एकदा शेतावर जाऊन या. कळमेश्वर किंवा उमरेडच्या बाजूचं शेत तासाभरावर असतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. लेबल नसलेला माल अनैतिक, हे समीकरण आपण धरलं तर ज्यांना प्रमाणपत्राचा खर्च झेपतो त्यांचाच माल चांगला ठरेल.

८. "ऑरगॅनिक कॉटन" किंवा "सस्टेनेबल कॉटन" लिहिलेला शर्ट घेतला तर आपल्या विदर्भातल्या कापूस शेतकऱ्याला काही मिळतं का?

हा प्रश्न नागपुरात सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि साहजिकच आहे. उत्तर टॅगवर नेमकं काय आहे त्यावर ठरतं.

जीओटीएस असेल तर "ऑरगॅनिक" श्रेणीत किमान ९५ टक्के जैविक धागा असतो, दुसऱ्या श्रेणीत किमान ७० टक्के. सूतकताईपासून रंगाईपर्यंतची रसायनं आणि कारखान्यातल्या कामगारांच्या अटी हे मानक तपासतं. शेताची तपासणी त्याआधी जैविक प्रमाणपत्रात झालेली असते. शेतकऱ्याला अमुक भाव मिळालाच पाहिजे, असं हे मानक बांधून देत नाही. ते काम फेअरट्रेडचं आहे. त्यात किमान भाव ठरलेला असतो आणि वर एक जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संघटनेला मिळते, तिचा वापर ते एकत्र ठरवतात. बेटर कॉटन हे तिसरंच. पाणी, कीटकनाशकं आणि कामाच्या पद्धती सुधाराव्यात, असं ते सांगतं. ते जैविक नाही, आणि त्यात जनुक बदललेला बीटी कापूस चालतो.

बीटीचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर विदर्भाच्या कापूसपट्ट्यात बीटीच पसरलं. जैविक मानकांत जनुक बदललेलं बियाणं चालत नाही, त्यामुळे ज्याला जैविक कापूस घ्यायचा आहे त्याची पहिली अडचण बिगर-बीटी बियाणं मिळवण्याची असते आणि दुसरी शेजारच्या शेतातून आणि जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढताना, होणाऱ्या मिसळीची. म्हणून "इथे एवढा कापूस पिकतो, मग जैविक का नाही" असं शेतकऱ्याला ऐकवण्याआधी थांबा. त्याचा रस्ता आपल्या निवडीपेक्षा बराच अवघड आहे.

फसवणूकही झाली आहे. २०२० मध्ये जीओटीएसनेच भारतातली बनावट व्यवहार-प्रमाणपत्रं (माल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दिली जातात ती) उघड केली. सुमारे २०,००० टन कापूस त्या कागदांवर जैविक म्हणून दाखवला गेला होता, आणि गुंतलेल्या कंपन्यांवर बंदी आली. काही जण यावरून "सगळीच लेबलं खोटी" म्हणतात. मला ते पटत नाही. चोरी पकडली गेली कारण तपासायला एक साखळी होती. टॅगशिवायच्या कापडात चोरी पकडायला धागाच नसतो.

९. "मास बॅलन्स" म्हणजे काय? शर्टात तो कापूसच नसेल तर लेबल कसलं?

गावच्या डेअरीत सगळ्यांचं दूध एकाच टाकीत पडतं. तुमच्या पिशवीत कोणाच्या गाईचं दूध आहे ते सांगता येत नाही, पण प्रत्येकाने किती लिटर घातलं याचा हिशेब वहीत असतो. मास बॅलन्स हे तसंच चालतं. कारखान्याने जितका प्रमाणित माल विकत घेतला तितक्याच मालावर दावा करता येतो, प्रत्यक्ष धागा कुठल्या शर्टात गेला ते महत्त्वाचं नसतं. बेटर कॉटन, पाम तेल आणि कोको यांत ही पद्धत चालते. पाम तेलात माल वेगळा ठेवण्याचे कडक पर्यायही आहेत.

ही लबाडी नाही. तुमचे पैसे मागणी म्हणून खरंच पोचतात. पण अंगावरचं कापड अमुक रसायनापासून मुक्त हवं, अशी तुमची गरज असेल तर हे लेबल तुमच्या कामाचं नाही.

१०. फ्रिजवर जसे पाच तारे असतात तसा प्रत्येक वस्तूवर नैतिकतेचा एकच आकडा का देत नाहीत? किती सोपं होईल!

ही मागणी सगळ्यांना आवडते, आणि तिच्यात एक खरी तळमळ आहे. तरी मी तिच्या विरोधात आहे.

फ्रिजचे तारे एकच गोष्ट मोजतात: वीज. तिला एकक आहे, मोजायचं यंत्र आहे. तिथेसुद्धा तारे कायमचे नसतात. बीईई निकष वेळोवेळी कडक करते, त्यामुळे जुन्या पाच ताऱ्यांचा एसी नव्या निकषांत तीन-चार ताऱ्यांवर येऊ शकतो. म्हणून ताऱ्यांच्या खालचं वर्ष वाचावं लागतं.

नैतिकतेला असं एकक नाही. समजा एका साबणाने जंगल वाचवलं, पण कामगारांना कंत्राटी ठेवून पिळलं. दुसऱ्याने मजुरी चांगली दिली, पण सांडपाणी नाल्यात सोडलं. दोघांना साडेतीन तारे. या साडेतीनमध्ये कामगाराचं दुःख आणि नाल्याचं पाणी एकमेकांत विरघळून गेलं. मजुरीचं वजन किती, पाण्याचं किती, हे कोणीतरी आधी ठरवलेलं असतं, आणि तो निर्णय ग्राहकाला दिसत नाही. आपली नैतिक निवड आपण न पाहिलेल्या माणसाच्या हाती जाते.

मोबाइलवरच्या गुण देणाऱ्या ॲप्सनाही हेच लागू. वापरायला हरकत नाही, पण आतले वेगवेगळे गुण उघडून बघा आणि माहिती कंपनीच्या स्वतःच्या अहवालातून घेतली आहे का तेही पाहा. जे कंपनीने छापलंच नाही त्याचे गुण कसे दिले, हा प्रश्न तिथे विचारायला हवा.

मला चार छोटी, वेगवेगळी चिन्हं एका मोठ्या आकड्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतात.

११. खादी मार्क असेल तर कातणाऱ्या बाईला पुरेशी मजुरी मिळते, असं धरायचं का?

खादी मार्क कापड हाताने कातलेलं आणि हाताने विणलेलं आहे याची हमी देतो. मजुरी पुरेशी आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि गंमत नव्हे, तो आपल्या शेजारी वर्ध्यातच नव्वद वर्षांपूर्वी लढला गेला.

१९२५ मध्ये स्थापन झालेला अखिल भारत चरखा संघ खादी प्रमाणित करायचा. "प्रमाणित खादी" हे त्या काळचं नैतिक लेबलच होतं. १९३५ मध्ये गांधीजींनी आग्रह धरला की कातणारीला जगता येईल इतकी मजुरी द्यायचीच, खादी महागली तरी. त्या ऑक्टोबरात वर्ध्यात चरखा संघाने ठराव केला: आठ तासांच्या कामाला किमान अन्न आणि वस्त्र भागेल इतकी मजुरी. खादी महागेल, विक्री पडेल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांना होती. गांधीजींचं म्हणणं होतं की उपाशी बाईकडून स्वस्तात सूत घेऊन देशसेवा होत नाही.

म्हणून खादी घेताना दुकानात विचारा की ही कुठल्या संस्थेची आहे, आणि कातणाऱ्यांना सुताच्या गुंडीमागे (लडीमागे) काय मिळतं. पुष्कळदा काउंटरवरच्या माणसाला माहीत नसतं, पण दहा ग्राहकांनी विचारलं तर तो माहिती मागवतो.

१२. करवतकाठी साडीवर सिल्क मार्क आहे. म्हणजे किडा मारलेला नाही ना?

सिल्क मार्क रेशीम अस्सल आहे एवढंच सांगतो. किड्याचं काय झालं, याच्याशी त्याचा संबंध नाही. सलग धागा काढायचा तर पतंग बाहेर पडण्याआधी कोषातला किडा उष्णतेने मारला जातो. करवतकाठीसाठी लागणाऱ्या टसरमध्येही, म्हणजे जंगलातल्या झाडांवरच्या रेशमातही, सर्वसाधारणपणे तेच होतं. पतंग उडून गेल्यावर फुटक्या कोषातून कातलेला धागा "अहिंसा रेशीम" म्हणून विकतात, पण त्यासाठी विक्रेत्याच्या शब्दापलीकडचा पुरावा मागावा लागतो.

इथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर वाढवणारी ढिवर कुटुंबं आहेत. टसरला मागणी राहिली तर ती झाडं उभी राहतात आणि करवतकाठी विणणाऱ्या हातांना काम मिळतं. ज्याला जीवहत्या अजिबात मान्य नाही त्याने सुती नागपुरी हातमाग साडी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. ज्याला विणकराची आणि जंगलाची काळजी जास्त वाटते त्याने करवतकाठी घ्यावी. लेबल ही निवड तुमच्यासाठी करू शकत नाही. मी स्वतः करवतकाठीच्या बाजूने आहे.

१३. एखाद्या मालात बालमजुरी आढळली तर तो लगेच बंद करावा का? त्या मुलांचं काय?

प्रश्न कठीण आहे आणि तो विचारणारे लोक मला आवडतात. नुसतं तोंड फिरवलं की मूल शाळेत जातं असं होत नाही. ते दुसऱ्या, आणखी वाईट कामावर जाऊ शकतं. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये गालिच्यांसाठी रगमार्क सुरू झालं, आज त्याला गुडवीव्ह म्हणतात. त्याचं बळ अचानक होणाऱ्या तपासण्यांत आहे आणि सापडलेल्या मुलांच्या शिक्षण-पुनर्वसनात आहे. बहिष्कार घालायचा तर मागणीसह घाला: कंपनीने मुलांचं शिक्षण आणि मोठ्यांची मजुरी यांचं काय केलं ते विचारा आणि समाधानकारक उत्तर आलं की परत खरेदी करा. शहरात डोळ्यांसमोर मूल राबताना दिसलं तर लेबलाची वाट बघू नका, चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ वर फोन करा.

१४. मला माहीतच नव्हतं. नकळत घेतलेल्या वस्तूचा दोष माझ्यावर येतो का?

दीक्षाभूमीच्या या शहरात याचं एक जुनं उत्तर अनेकांना घरातूनच माहीत आहे. बौद्ध विनयात भिक्खूंना भिक्षेत मिळालेल्या मांसाबद्दल नियम आहे: आपल्यासाठी जीव मारलेला पाहिला नसेल, तसं ऐकलं नसेल आणि तशी शंकाही आली नसेल, तरच ते स्वीकारता येतं. त्रिकोटी परिशुद्धता म्हणतात ती हीच. खरेदीला ही कसोटी फार नेमकी लागू पडते. जे पाहिलं-ऐकलं नाही त्याचा दोष नाही. पण तिसरी अट शंकेची आहे. धागा, शिलाई, वाहतूक, दुकानभाडं धरूनही शर्ट अशक्य स्वस्त वाटत असेल, तर शंका आलेली असते. ती आल्यानंतर "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. विचारण्याची जबाबदारी तिथून सुरू होते.

वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा याहून कडक होते. वस्तूबरोबर तिच्या उत्पादनातल्या अन्यायाचा वाटाही ग्राहकाकडे येतो, असं ते मानत. आणि जर इतक्या लांबच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणं आपल्याला जमत नसेल, तर व्यवहाराचं वर्तुळच लहान करावं, जितकं आपल्या नजरेत राहील तितकं.

मला कुमारप्पांचं म्हणणं अर्धं पाळता येण्यासारखं वाटतं. डाळ, तांदूळ, जवस, तेल, कापड यांत नागपूरकराला वर्तुळ लहान करणं सहज शक्य आहे. मोबाइलच्या बॅटरीतल्या काँगोच्या कोबाल्टचं वर्तुळ लहान करता येत नाही. तिथे वस्तू जास्त वर्षं वापरणं, दुरुस्त करणं आणि कायद्याची मागणी करणं एवढं आपल्या हातात आहे, आणि तेवढ्याचीच जबाबदारी आपल्यावर आहे. (कायद्याबद्दल प्रश्न १७.)

१५. लेबलवाली वस्तू घेतली की माझी जबाबदारी संपली ना?

त्या लेबलाने विचारलेल्या प्रश्नापुरती, बरीचशी. पुढचं वापरावर आहे. पाच ताऱ्यांचा एसी मे महिन्यात दिवसभर १८ वर चालवला तर ताऱ्यांचा उपयोग काय राहिला? (नव्या एसींना २४ अंशांचं डीफॉल्ट २०२० पासून सक्तीचं झालं, ते उगाच नाही.) जैविक सुताचे चार शर्ट गरज नसताना घेतले तर पाणी आणि रंग चौपट लागलेच. लेबल कमी खरेदीची जागा घेत नाही.

१६. महिन्याचं बजेट तंग आहे. महागडी प्रमाणित वस्तू परवडत नाही. आम्ही अनैतिक ठरतो का?

अजिबात नाही, आणि असं कोणी सुचवलं तर ऐकून घेऊ नका. जबाबदारी निवडीच्या प्रमाणात असते. रेशनच्या धान्यावर घर चालवणारी बाई तेच कपडे वर्षानुवर्षं वापरते, त्यांची गोधडी शिवते, भांडं फुटेपर्यंत चालवते. तिच्या वापराने होणारी हानी जैविक क्विनोआ मागवणाऱ्या घरापेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त. बुधवार बाजारातून सुटी भाजी कापडी पिशवीत आणणं हे कुठल्याही चिन्हाशिवाय चांगलं आहे. हात थोडा सैल असेल तर एकच वस्तू निवडा, जी रोज लागते, जसा चहा किंवा डाळ, आणि तेवढीच बदला.

१७. एकट्याने काय होतं? हे सरकारने करायला नको का?

करायला हवंच. आणि आजवरचा अनुभव असा आहे की आधी कोणीतरी स्वेच्छेने केलेलं नंतर कायदा होतं. आपल्या नागपुरात १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस ही कापड मिल सुरू केली. तिथे कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी १८८६ मध्ये आणि अपघाताची भरपाई १८९५ मध्ये आली. त्या वेळी तो चांगल्या मालकाचा मोठेपणा होता. देशभरच्या कामगारांना भविष्यनिर्वाह निधीचा कायदेशीर हक्क मिळायला १९५२ उजाडावं लागलं. हक्क झाल्यावर मालक चांगला आहे की नाही यावर कामगाराचं म्हातारपण अवलंबून राहिलं नाही.

सौंदर्यप्रसाधनांतही तेच घडलं. सशाचं चिन्ह बघून लोक प्राण्यांवर चाचणी न केलेली क्रीम शोधत. २०१४ मध्ये भारताने अशा चाचण्यांवर आणि चाचणी करून आणलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली. आता देशी साबणावर ससा नसला तरी फार फरक पडत नाही.

तेव्हा लेबल बघून घेणं आणि नागरिक म्हणून मागणी करणं यांत निवड करायची नाही. पहिल्याने दुसऱ्याला जोर येतो. फक्त कंपन्या जेव्हा "ग्राहकाने जागरूक व्हावं" म्हणत स्वतःची जबाबदारी आपल्या गळ्यात मारतात, तेव्हा ठामपणे नाही म्हणा.

१८. मी इतवारीत किराण्याचं दुकान चालवतो. माल बनवत नाही, फक्त विकतो. माझी काय जबाबदारी?

बंद पाकिटावर छापलेला दावा मुख्यतः उत्पादकाचा. पण सुट्या तुरीच्या पोत्यावर तुम्ही हाताने "सेंद्रिय" लिहिलंत तर तो दावा तुमचा झाला, आणि खोटा निघाला तर २०१९ च्या कायद्याखाली तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल. ठोक व्यापाऱ्याकडून बिलावर तसं लिहून घ्या. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका स्वतंत्र सांगितली आहे, म्हणजे कमाई कशातून होते हाही प्रश्न आहेच. दादा, तुमच्याकडे विश्वासाने येणारं गिऱ्हाईक दोन पिढ्यांचं असतं. त्याला "याचं मला माहीत नाही" असं खरं सांगितलंत तर ते तुटत नाही.

१९. भेट मिळालेल्या किंवा जुन्या वस्तूचं काय?

भेट नाकारून माणसाचं मन मोडू नका. वापरा. पुढच्या दिवाळीला तुम्ही काय देता ते तुमच्या हातात आहे. जुनी वस्तू घेतल्याने नवं उत्पादन होत नाही, त्यामुळे तिथे लेबलाचा आग्रह धरायचं कारण नाही. अपवाद जुन्या फ्रिज-एसीचा, कारण त्यांचं वीजबिल रोज चालू असतं.

२०. लेबल खोटं निघालं. तक्रार कुठे करायची?

आधी बिल, पाकीट आणि दोन्ही बाजूंचे फोटो जपून ठेवा. पहिला फोन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५. मराठीतही बोलता येतं. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे. आयएसआय किंवा हॉलमार्कचा संशय असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर क्रमांक टाकून पाहता येतो आणि तिथूनच तक्रारही करता येते. जाहिरात फसवी असेल तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडे. प्रमाणपत्रच बनावट वाटत असेल तर लेबलवर नाव असलेल्या प्रमाणन संस्थेला थेट लिहा, त्यांना त्याची चौकशी करावी लागते.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणं तिथे चालतात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. एका तेलाच्या बाटलीसाठी कोणी आयोगात जात नाही, हे खरं आहे. म्हणून सोसायटीतल्या दहा जणांनी मिळून १९१५ वर नोंदवलेली तक्रार मला जास्त परिणामकारक वाटते.

२१. फोटो पाठवला तर लेबल खरं की खोटं ते सांगाल का?

शक्य तेवढं सांगतो. पुढची आणि मागची दोन्ही बाजू पाठवा, क्रमांक वाचता आला पाहिजे. कपड्यांचा टॅग असेल तर आतल्या शिवणीतला छोटा टॅगही हवा, कारण धाग्याचं प्रमाण पुष्कळदा तिथेच असतं. "कोणता ब्रँड घेऊ" याचं उत्तर आम्ही देत नाही आणि कोणत्याही कंपनीकडून काही घेत नाही. तुमच्या भागात बैठक हवी असेल तर पाच-सहा घरांनी एकत्र येऊन कळवा आणि त्या दिवशी स्वयंपाकघरातलं जे हाती लागेल ते सोबत आणा, रिकामं पाकीटसुद्धा चालेल.